कंपोस्टेबल पिशवी फाटते कुठून?

मेडिकलमध्ये किंवा भाजीवाल्याकडे मिळणारी ती हिरवट, हाताला मऊसर लागणारी 'कंपोस्टेबल' पिशवी तुम्ही वापरली असेलच. दोन किलो कांदे भरले की उभी टरकन फाटते. मग दुकानदार एकात एक अशा दोन पिशव्या देतो आणि आपण म्हणतो, इको-फ्रेंडली म्हटलं की असंच चालायचं. मला हे पटत नाही. फाटण्यामागचं कारण ठाऊक आहे आणि त्यावर उपायही आहे. प्रश्न इतकाच की तो उपाय करायला आपले नियम कुणाला भाग पाडतात का?

३१ डिसेंबर २०२२ पासून देशात प्लॅस्टिकची कॅरीबॅग किमान १२० मायक्रॉन जाडीची असावी लागते. कंपोस्टेबल पिशवीला मात्र जाडीची अट नाही. तिला आयएस १७०८८ या मानकाची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. चाचणीत काय बघतात? कंपोस्टमध्ये माल किती कुजतो, तुकडे किती उरतात, जड धातू किती आहेत, तयार खताचा रोपांवर वाईट परिणाम होतो का. कांदे पेलतील का, हे त्यात कुठेच नाही. म्हणजे पिशवी पातळ करायला मोकळीक, आणि ताकदीची सगळी भिस्त आतल्या मिश्रणावर.

हे मिश्रण बहुतेक वेळा दोन पॉलिमरचं असतं. पहिला पीएलए. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून हा बनतो. कडक, पण ठिसूळ. जेमतेम ५ टक्के ताणला की तुटतो. थ्रीडी प्रिंटिंग करणाऱ्यांनी जुनं फिलामेंट काडीसारखं मोडताना पाहिलं असेल, तोच हा. दुसरा पीबीएटी. मऊ, मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणला जातो. तो कुजतो, पण बनतो मुख्यतः पेट्रोलियमपासून. (कुजणारं आणि झाडापासून बनलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाकिटावर कुणी सांगत नाही.) चमचे आणि कपांत पीएलए जास्त असतो, पिशवीत पीबीएटी.

गंमत म्हणजे हे दोघे वितळवून कितीही घोटले तरी एकजीव होत नाहीत. एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात अडकून राहतात. थेंब लहान आणि भोवतालच्या मालाला घट्ट धरून असले, तर मऊ थेंब स्वतः ताणले जाऊन धक्का पचवतात आणि तडा तिथेच अडतो. यालाच चिवटपणा म्हणायचं. थेंब मोठे आणि सुटे असले, तर तडा त्यांच्या कडेकडेने सरळ चालत जातो. पिशवीची फिल्म मशीनमधून ओढून काढताना पीएलएचे थेंब ओढीच्या दिशेने लांबट होतात. म्हणून ती आडवी नाही, उभी फाटते.

उपाय कळायला तेलकट कढई आठवा. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलात रुततं, दुसरं पाण्यात. पॉलिमरमध्ये हे काम कंपॅटिबिलायझर करतो. एक नेहमीची पद्धत म्हणजे इपॉक्सी गट असलेला पदार्थ घालायचा, वजनाच्या साधारण १ टक्क्याहूनही कमी. एक्स्ट्रूडरच्या उष्णतेत हे गट दोन्ही पॉलिमरच्या साखळ्यांच्या टोकांना चिकटतात. मग सीमेवर असे रेणू तयार होतात, ज्यांचा एक हात पीएलएत आणि दुसरा पीबीएटीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले दोन न जुळणाऱ्या सिस्टिममध्ये अडॅप्टर लिहितो, तसंच. फरक इतकाच की इथे तो चालू मशीनमध्ये, काही मिनिटांत, आपोआप बनतो.

पण प्रमाण चुकलं की घोळ. कमी पडलं तर उपयोग शून्य. जास्त झालं तर साखळ्या एकमेकींत जाळ्यासारख्या अडकतात, फिल्ममध्ये गाठी येतात, आणि कुजण्याचा वेगही मंदावू शकतो. शिवाय कच्चा माल नीट वाळवला नसेल तर ओलाव्याने साखळ्या वितळतानाच तुटतात. गोदामातल्या दमट हवेतही हे हळूहळू चालूच असतं, त्यामुळे या पिशव्यांना शेल्फ लाइफ असते. पावसाळाभर पडून राहिलेला गठ्ठा नव्यासारखा वागत नाही.

सध्या बातम्या आहेत त्या पीएलएच्या. प्राजने २०२४ मध्ये जेजुरीला प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. बलरामपूर चिनी मिल्स उत्तर प्रदेशात कुंभी इथे वर्षाला ८०,००० टनांचा कारखाना उभारतेय. चांगलंच आहे, उसाला आणखी एक गिऱ्हाईक. पण नुसत्या पीएलएची पिशवी होत नाही. पीबीएटीचे मोठे कारखाने चीनमध्ये आहेत, आणि दोघांना जोडायचं काम करणाऱ्या कंपाउंडिंगवाल्यांची बातमी होत नाही.

माझं मत विचाराल तर प्रमाणपत्राच्या क्रमांकाशेजारी 'किती किलो पेलते' हा आकडाही छापणं सक्तीचं हवं. आज चांगला कंपॅटिबिलायझर घालणारा आणि पैसे वाचवायला तो गाळणारा, दोघांच्या पिशवीवर शिक्का एकच. गिऱ्हाइकाला फरक कळतो तो कांदे रस्त्यावर सांडल्यावर, आणि पुढच्या वेळी तो गुपचूप जुनी पातळ प्लॅस्टिकची पिशवी मागतो.

आणि हो, ही पिशवी घरच्या कुंडीत पुरून महिन्याभराने उकरू नका. चाचणीतलं कंपोस्ट साधारण ५८ अंश सेल्सियसला ठेवलेलं असतं, तेही सहा महिन्यांपर्यंत. कुंडी एवढी तापत नाही.