तुटणें म्हणजे नाहींसें होणें नव्हे

अलीकडे बाजारांतून येणाऱ्या कांहीं पिशव्यांवर ‘मातींत आपोआप नाहींशी होणारी’ अशा अर्थाचीं अक्षरें छापलेलीं असतात. तीं वाचून सुज्ञ माणसाचेंही मन निश्चिंत होतें, आणि पिशवी कोठेंही टाकण्यास हात सैल होतो. ही निश्चिंतता कितपत साधार आहे, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य करावा, असें आम्हांस वाटतें.

ज्या द्रव्याची ही पिशवी, तें पॉलिएथिलीन २७ मार्च १९३३ रोजीं इंग्लंडांतील विनिंग्टन येथें फॉसेट व गिब्सन ह्या रसायनशास्त्रज्ञांस अकल्पितपणें हातीं लागलें. एथिलीन वायु प्रचंड दाबाखालीं तापविला असतां भांड्यांत मेणासारखा पांढरा पदार्थ राहिला. कार्बन व हायड्रोजन ह्यांच्या लांबच लांब साखळ्या, ही त्याची रचना. ह्या साखळ्या इतक्या लांब असतात कीं, सूक्ष्म जंतूंस त्या आंत घेतां येत नाहींत. पाणीही त्यांत शिरत नाहीं. केळीचें पान उकिरड्यांत कुजून जातें व पिशवी मात्र तशीच राहते, ह्याचें कारण हें.

मग उन्हांत पडलेल्या पिशवीचा चुरा कसा होतो? सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण त्या पदार्थांतील सूक्ष्म दोषस्थानीं शोषले जातात. तेथें हवेंतील ऑक्सिजनची क्रिया सुरू होते व साखळी तुटते. उष्णतेनें हें कार्य अधिक त्वरेनें चालतें. साखळ्या पुरेशा आखूड झाल्या म्हणजेच जंतूंस त्यांवर कांहीं अंशीं उपजीविका करतां येते. सारांश, ऊन आधीं दळतें, मग जंतु जेवतात. परंतु गाळांत पुरलेल्या पिशवीस ऊन कोठून मिळणार? आणि उन्हांत जिचा चुरा झाला, तिचे कण जंतूंचें काम पुरें होण्यापूर्वींच वारा व पाऊस नदींत आणि समुद्रांत नेऊन टाकतात.

प्लिमथ विद्यापीठांतील नॅपर व थॉम्प्सन ह्या संशोधकांनीं २०१९ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जंतूंनीं विघटन होणारी म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षें मातींत व समुद्रांत राहूनही बाजाराचें ओझें वाहण्यास समर्थ होती. उघड्या हवेंतील पिशव्यांचे मात्र नऊ महिन्यांत तुकडे झाले. तुकडे झाले, नाश झाला नाहीं! लवकर तुटावें म्हणून मुद्दाम द्रव्यें मिसळलेल्या प्लास्टिकवर युरोपीय संघानें २०२१ पासून बंदी घातली आहे.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञ उपाय शोधतीलच. मधमाश्यांच्या पोळ्यांतील मेण खाणारी अळी पॉलिएथिलीनही कुरतडते, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें नाहीं काय? झालें, आणि तो शोध कौतुकास पात्रही आहे. परंतु प्रयोगशाळेंतील मूठभर अळ्या आणि गांवोगांवचे उकिरडे ह्यांचा मेळ अद्याप बसलेला नाहीं. उद्यांच्या औषधाच्या भरंवशावर आज रोग वाढविणें हें शहाणपण नव्हे.

महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं अशा पिशव्यांवर बंदी घातली. पण कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. पुढचें काम घरांतून निघतांना खांद्यावर घेतलेल्या कापडी पिशवीचें आहे. ती घेण्याची आठवण मुलांनीं वडिलांस करून द्यावी, ह्यांत आम्हांस मुळींच अमर्यादा दिसत नाहीं.

ईश्वरानें ही सृष्टि मनुष्याच्या हवालीं केली ती मालक म्हणून नव्हे, कारभारी म्हणून, अशी आमची श्रद्धा आहे. कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. आणि ‘मीं टाकलें तें दिसेनासें झालें’ हें उत्तर त्या हिशेबांत चालावयाचें नाहीं.