शॅग्ज भगिनींची पहिली तबकडी

बेसूर गाणाऱ्याची थट्टा करणें फार सोपें असतें. शाळेच्या स्नेहसंमेलनांत एखादा मुलगा पेटीच्या पुढें धांवूं लागला, कीं मागच्या बांकांवरून अवेळीं टाळ्या पडतात, आणि त्यांचा अर्थ त्या बिचाऱ्यासहि कळतो. अमेरिकेंतील तीन बहिणी १९६८ सालीं प्रथम लोकांपुढें उभ्या राहिल्या, तेव्हां त्यांच्यावर तर पेयांचे डबेच फेंकले गेले. त्या बहिणींनीं पुढील वर्षीं काढलेल्या तबकडीविषयीं आम्ही येथें दोन शब्द लिहीत आहोंत. विद्यार्थ्यांनीं तें वाचावेंच; परंतु त्यांच्या आईबापांनीं अधिक लक्ष देऊन वाचावें, अशी आमची विनंति आहे.

त्या काळीं अमेरिकेंतील पुष्कळ तरुण मुलें घरच्या मोटारखान्यांत, म्हणजे गॅरेजमध्यें, गिटार व ड्रम घेऊन सराव करीत. शिक्षण बेताचें, उत्साह फार, आणि आवाज त्याहूनहि फार! या संगीतास पुढें गॅरेज रॉक असें नांव पडलें. न्यू हॅम्पशायर राज्यांतील फ्रीमॉंट ह्या लहानशा गांवच्या विगिन बहिणींचा 'शॅग्ज' हा ताफा त्याच गोतांतला. भेद इतकाच कीं, इतर मुलें आईबापांचा डोळा चुकवून वाजवीत, आणि ह्या मुली बापाच्या आज्ञेनें वाजवीत.

बाप ऑस्टिन विगिन हा कापडाच्या गिरणींत कामास होता. त्याच्या लहानपणीं त्याच्या आईनें त्याचा हात पाहून तीन गोष्टी सांगितल्या होत्या: तांबूस सोनेरी केसांची बायको मिळेल, आपल्या मरणानंतर त्यास दोन मुलगे होतील, आणि त्याच्या मुली गाण्याबजावण्यांत नांव काढतील. पहिल्या दोन खऱ्या ठरल्या. (हात पाहणाऱ्यांचें असेंच असतें; दोन खऱ्या ठरल्या कीं तिसरीसाठीं माणूस घर विकावयास निघतो.) तिसरी आपोआप खरी होण्याची वाट न पाहतां ऑस्टिननें मुलींस शाळेंतून काढलें, टपालानें येणाऱ्या धड्यांवर त्यांचें शिक्षण सोंपविलें, वाद्यें आणून दिलीं, शिकवणी लावली आणि रोज सराव करविला. शनिवारीं रात्रीं गांवच्या टाऊन हॉलमध्यें नाच होत, तेथें त्या वाजवीत. वडिलांनीं सांगावें व आपण ऐकावें, असाच घरचा क्रम होता, असें डॉट विगिन हिनें पुढें सांगितलें आहे.

मार्च १९६९ मध्यें तो त्यांस बॉस्टनजवळच्या रिव्हिअर येथें ध्वनिमुद्रणासाठीं घेऊन गेला. 'फिलॉसफी ऑफ द वर्ल्ड' असें तबकडीचें भारदस्त नांव, गाणीं बारा. पहिल्यानें ऐकणारा चकित होतो. हेलनचा ड्रम आपल्या ठेक्यांत जात असतो, डॉट व बेटी यांच्या गिटारी आपल्या चालीनें जात असतात, आणि समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याची मान अधांतरीच राहते. परंतु दुसऱ्यांदां ऐकावें. डॉटचा गळा आणि तिची गिटार एकमेकांस सोडीत नाहींत. बोलतांना वाक्य जसें वळतें तसाच सूर वळतो. हें चुकून घडलेलें नाहीं. २०१७ मध्यें डॉट व बेटी यांनीं मॅसॅच्युसेट्समधील एका महोत्सवांत हीं गाणीं पुन्हां म्हटलीं, तेव्हां साथीच्या कसलेल्या वादकांस तीं मुळाबरहुकूम बसविण्यास मेहनत पडली.

गाण्यांचे विषय घरगुती आहेत. एकांत हरवलेल्या लाडक्या मांजराचा शोध आहे. त्या मांजरास डॉटनें आपला सवंगडी म्हटलें आहे. शाळा सुटलेल्या मुलीस दुसरे सवंगडी कोठून मिळावे? दुसऱ्या एका गाण्याचें नांवच 'आईबाप कोण?' अशा अर्थाचें आहे, आणि मुलांचें खरें हित पाहणारे तेच, असा त्याचा आशय आहे. तें तिनें प्रेमानें लिहिलें, कीं वडील ऐकत आहेत हें जाणून लिहिलें? आम्हीं पुष्कळ वेळां ऐकलें, तरी आम्हांस सांगतां येत नाहीं.

बाप असा हट्टी नसता तर ही तबकडी निघालीच नसती, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. गिरणीच्या मजुरींतून त्यानें हा खर्च केला. त्याच्या श्रद्धेविषयीं आम्हांस शंका नाहीं. तरीहि मुलींची शाळा हा त्या श्रद्धेचा खर्च होता, आणि तो करण्यापूर्वीं मुलींस कोणीं विचारलें नव्हतें. आमच्या मतें येथें बापाची चूक झाली, व तबकडी कितीहि नांवाजली गेली तरी ती चूक पुसली जात नाहीं.

ती नांवाजली गेली खरी, पण फार उशिरां. हजार प्रती काढविल्या होत्या. त्यांतील बहुतेक कुटुंबाच्या हातींच आल्या नाहींत, असें सांगतात. १९७५ मध्यें ऑस्टिन वारला, आणि मुलींनीं वाद्यें खालीं ठेवलीं. १९८० मध्यें तबकडी पुन्हां निघाली, तेव्हां कोणीं तिला जगांतील सर्वांत वाईट म्हटलें, तर कोणीं अपूर्व. कर्ट कोबेन ह्या प्रसिद्ध गायकानें ती आपल्या आवडत्या तबकड्यांत गणली. मात्र तिची 'निरागस' म्हणून वाखाणणी करणाऱ्यांपैकीं कित्येक मनांतून हंसतच असतात असें आम्हांस वाटतें, आणि त्यांच्यापेक्षां डबे फेंकणारी पोरें निदान प्रामाणिक होतीं.

हेलन २००६ मध्यें निवर्तली. डॉटनें २०१३ मध्यें, वयाची साठी उलटल्यावर, नवे साथीदार घेऊन स्वतःच्या नांवानें एक तबकडी काढली. तरुणपणीं रचलेलीं, पण तोंवर लोकांपुढें न आलेलीं तिचीं कांहीं गाणीं तींत आहेत.