सीट मिळाली, पण खाट मिळाली का?



कापूस सहा पानांवर आलाय, सोयाबीनला पहिली कोळपणी चालू आहे, पाऊस सध्या तरी बरा. आज पिकाचं लिहीत नाही. गेल्या पंधरा दिवसांत बी.एस्सी. ॲग्रीच्या ॲडमिशनसाठी इतके फोन आले की एकेकाला सांगण्यापरीस इथंच लिहून टाकावं म्हणलं. मी दहावी पास माणूस, कॉलेजात शिकायला कधी गेलो नाही. पण पोरगी विद्यापीठाच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, पुतण्या गेल्या साली खाजगी कॉलेजातून बाहेर पडला आणि आमच्या गावात दरसाल कृषिदूत येतात. त्यावरून जे दिसलं तेवढंच लिहितो. विद्यापीठातली शास्त्रज्ञ मंडळीही हे पान वाचतात, त्यांनी चुकत असेल तिथं सांगावं.

फोनवर प्रश्न एकच. "भाऊ, कोणतं कॉलेज चांगलं?" मग सीईटीचे पर्सेंटाइल सांगतात, मागच्या वर्षाचा कट ऑफ विचारतात, सात-बाऱ्याचे वाढीव गुण धरले का ते विचारतात. पोरगं राहणार कुठं, हे अजून एकानंही विचारलं नाही. एकरभर जमीन घ्यायची तर आपण आधी विहीर बघतो, वाट बघतो, बांधाला कोण आहे ते गावात विचारतो. गोऱ्हा घ्यायचा तर दात बघतो. अन् लेकरू चार वर्षांसाठी द्यायचं तर नेट कॅफेवाला ऑप्शन फॉर्मात जे कॉलेज वर टाकील ते.

महाराष्ट्रात कृषी विद्यापीठं चार. राहुरी, अकोला, परभणी, दापोली. त्यांची स्वतःची कॉलेजं वेगळी आणि त्यांना जोडलेली खाजगी कॉलेजं वेगळी. पदवी दोन्हीकडं त्याच विद्यापीठाची मिळते, पुस्तकंही तीच. मग फरक कशात? माझ्या मते दोनच गोष्टींत. पोराला पायी जाता येईल असं शेत आहे का, आणि त्या शेताजवळ झोपायला जागा आहे का.

बदनापूरचं उदाहरण घ्या. आपल्या भागात बीडीएन ७११ तूर बहुतेकांनी पेरली आहे, ती तिथल्याच संशोधन केंद्राची. कॉलेजही तिथंच. जे पोरगं तिथं वसतिगृहात राहतं ते सकाळी सहाला चालत तुरीच्या प्लॉटवर जाऊ शकतं, मजुरांसंगं दोन शब्द बोलू शकतं, मर रोग आलेलं झाड आणि पाण्यानं उभळलेलं झाड यात फरक काय ते हातानं उपटून बघू शकतं. तेच पोरगं गावात भाड्याच्या खोलीत राहून दहाला बसनं येत असेल तर पिवळा फलक वाचून परत जातं. आता अभ्यासक्रमात पोरांना पीक उत्पादनाच्या प्रॅक्टिकलसाठी वाफे वाटून देतात. पेरणीपासून काढणीपर्यंत वाफा त्यांचा. पुतण्याची खोली कॉलेजपासून नऊ किलोमीटर. त्याच्या हरभऱ्याच्या वाफ्याला पाणी कोण देत होतं? कॉलेजचा गडी. मार्क मात्र पुतण्याला.

सगळ्या खाजगी कॉलेजांना एका काठीनं हाकायचं नाही. काहींचं शेत चांगलं, वसतिगृह चांगलं, शिकवणारे मन लावून शिकवतात. काहींची शेती फक्त तपासणी समिती यायच्या आठवड्यात हिरवी असते. हे ऑप्शन फॉर्मात दिसत नाही, जाऊन बघितल्यावरच दिसतं.

आता पैशाचं बोलू, कारण खरं दुखणं तिथं आहे. ॲडमिशनच्या फेऱ्या पोळ्यापर्यंत, कधी दसऱ्यापर्यंत चालतात. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या खिशात काय असतं? बी, खत, फवारणी यात सगळं गेलेलं. सोसायटीचं पीक कर्ज मिळालं असेल तर तेही जमिनीत. सोयाबीन दसरा-दिवाळीला, कापूस दिवाळीच्या पुढं, तूर संक्रांतीच्या आसपास. आणि कॉलेजचं घेणं नेमकं त्याच्या आधी. फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, गादी, बादली, ॲप्रन, सगळं एका आठवड्यात. म्हणून माणूस सावकाराकडं जातो नाही तर उभं सोयाबीन व्यापाऱ्याला बोलून टाकतो. बारावीचा निकाल लागायच्या आधी, उन्हाळ्यात हरभरा विकला की त्यातलेच पैसे वेगळे काढून ठेवा. तुम्हाला फीची तयारी दिसते, राहण्याखाण्याची दिसत नाही.

आमच्या घरचा हिशोब सांगतो. पुतण्या बाहेर राहिला, एका खोलीत चौघं, माणशी पंधराशे रुपये महिना. दोन महिन्यांचं डिपॉझिट, त्यातलं परत मिळालं निम्मं. मेस सत्तावीसशे, दोन वेळचं, रविवारी रात्री बंद. त्यात बस, मोबाइल, झेरॉक्स आणि रात्रीचा वडापाव धरा, कारण मेसच्या दोन पोळ्यांवर शेतातलं पोरगं भागत नाही. महिन्याला सहा हजाराच्या खाली तो कधी आला नाही. पोरगी विद्यापीठाच्या वसतिगृहात आहे. तिथं मेस पोरीच चालवतात, दर महिन्याला दोघी-तिघी हिशोब बघतात, आलेला खर्च वाटून घेतात. खोलीचं वर्षाचं भाडं पुतण्याच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढंही नाही. दोघांची फी मांडून बघितली तर जो फरक दिसतो, त्याच्यापेक्षा मोठा फरक राहण्याखाण्यात पडला.

म्हणून म्हणतो, कॉलेजला फोन लावा आणि दोन आकडे विचारा. पहिल्या वर्षाला जागा किती, आणि पहिल्या वर्षासाठी वसतिगृहात खाटा किती. पहिला आकडा लगेच सांगतात. दुसऱ्याला "ॲडमिशन झाल्यावर बघू" म्हणतात. ॲडमिशन झाल्यावर आपल्या हातात काय राहतं? विद्यापीठाच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, माहितीपुस्तकात प्रत्येक कॉलेजच्या नावापुढं जागांच्या रकान्याशेजारी खाटांचा एक रकाना छापा. मुलांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या. खाजगी कॉलेजांनाही तोच नियम लावा. कागदाच्या एका रकान्यानं कितीतरी घरं उधारीतून वाचतील.

सवलतींबद्दल अर्धवट माहिती फिरायलीय. २०२४-२५ पासून आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना शंभर टक्के फी माफी आहे, कृषीच्या पदवीलाही आहे. पण ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. खोली आणि मेस माफ नाही. शिवाय प्रवेश कॅप राउंडमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ती सवलत गेली. राहण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयंम्, ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. आपल्याला कोणती लागू पडते ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आधी विचारून घ्या. तहसीलचा अल्पभूधारक दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं खातं आत्ताच तयार ठेवा. बाहेर खोली केली तर भाडेकरार लागतो, आणि घरमालक करार करून द्यायला का-कू करतात. खोली ठरवतानाच हे बोलून घ्या, डिपॉझिट दिल्यावर नाही. आणि हा पैसा वेळेवर येईल या भरवशावर राहू नका. पुतण्याचा एका वर्षाचा भत्ता पुढचं वर्ष अर्धं झाल्यावर आला.

बघायला गेलात तर दुपारी साहेबाच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत येऊ नका. संध्याकाळी सहाला वसतिगृहावर जा. दुसऱ्या वर्षाचं एखादं पोरगं गाठा आणि त्याला विचारा, उन्हाळ्यात पाणी कितव्या दिवशी येतं, सकाळी आंघोळीला रांग किती, रेक्टर मुक्कामी असतात की फक्त सहीपुरते, रात्री कोणाला ताप भरला तर दवाखाना किती लांब. मुलींच्या वसतिगृहाचं गेट किती वाजता बंद होतं आणि लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, हे दोन्ही एकत्र विचारा. एका ठिकाणी मुलींचं गेट सातला बंद आणि लायब्ररी नऊपर्यंत चालू. मग ती लायब्ररी मुलींसाठी नाहीच की.

हवापाणीही बघावं. आमच्याकडं वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. दापोलीला तीन हजाराच्या वर. आमच्या शेजारचं पोरगं तिकडं गेलं, पहिल्या पावसाळ्यात कपडे वाळेनात, गादीला बुरशी, जेवायला भात आणि मासळी. महिनाभरात म्हणालं, परत येतो. राहिलं मात्र. आज कलमं बांधण्यात असा हात बसलाय की त्याच्या आंब्याच्या कलमांना पंचक्रोशीतून मागणी आहे. लांब जाण्यानं बिघडतंच असं नाही. कुठं जायलोय हे आधी माहीत पाहिजे एवढंच.

पहिलं सेमिस्टर पोरांना जड जातं. आपली पोरं मराठी शाळेतून आलेली, इथं सगळं इंग्रजीत. वखरपाळी, आंतरमशागत, वाफसा ज्याला हातानं कळतो त्याला पेपरात त्याचा शब्द सापडत नाही, आणि ज्यानं वखर बघितला नाही तो पाठ करून पुढं जातो. यात पोरगं हुशार नाही असं धरू नका. दुसऱ्या वर्षाला बरोबर वर येतं, तेवढा वेळ द्या. आणि एक सांगतो, राग आला तरी चालेल. पेरणीला, फवारणीला, कापूस वेचणीला पोराला परत परत गावी बोलावू नका. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत. एका गड्याची मजुरी वाचवायला अख्खं सेमिस्टर घालवणारे बाप मी बघितलेत.

रॅगिंगचं भ्या बऱ्याच आयांना असतं. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, देशाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. नंबर पोराच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. पण पोरगं घरी सांगत नाही, ही खरी अडचण. फोनवर "जेवला का" एवढंच विचारून ठेवू नका. रूममेट कोण, गाव कोणतं, त्याच्या घरचा नंबर काय, हे माहीत असू द्या.

एका गोष्टीचा मला राग आहे, तो मांडतोच. वसतिगृहात पहिल्या वर्षापासून एमपीएससीचं वारं. वर्गात कीटकशास्त्र चालू आणि बाकाखाली चालू घडामोडी. अधिकारी व्हावं, जरूर व्हावं, आपल्यातलाच माणूस खुर्चीवर बसला तर आनंदच आहे. पण पाचशे पोरांत किती खुर्च्या? बाकीचे पंचविशी ओलांडून पुण्याच्या अभ्यासिकेत, आणि पदवी भाड्यानं कुणाच्या तरी कृषी सेवा केंद्राच्या परवान्यावर टांगलेली. दुकानात दुसराच माणूस औषध देतो. ज्याला चार वर्षं शेतात जायचंच नाही त्यानं ही सीट कशाला अडवावी, असं मला वाटतं. पटत नसेल तर तसं लिहा.

कृषिदूत सातव्या सेमिस्टरला गावात येतात. त्यांच्या राहण्याचंही तेच. आमच्या गावात एक वर्ष जी पोरं आली ती तालुक्याला राहायची. दुपारी यायची, रांगोळीनं गावाचा नकाशा काढायची, बीजप्रक्रियेचा फोटो, माती नमुन्याचा फोटो, चारला परत. त्यांना गावातल्या एकाचंही नाव सांगता आलं नसतं. पुढच्या वर्षीची पाच जण मारुतीच्या देवळामागं खोलीत राहिली. त्यातल्या एकानं बोर्डो मिश्रण करून दाखवलं, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, पुस्तकात आहे तसं. आमच्या चुलत्यानं त्यात विळा बुडवला, पात्यावर तांबूस थर आला, म्हणाले चुना कमी पडला, तुझा चुना जुना आहे. पोरगं म्हणालं, ही कसोटी वाचली होती, करून कधी बघितली नव्हती. त्याच संध्याकाळी त्यानं चुलत्याला सोयाबीनच्या बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम का लावायचं ते समजावलं. चुलते तीस वर्षं उलटं करत होते. मुक्कामाला असल्याशिवाय असं बोलणं होत नाही.

मुलींचा गट आला की गावं खोली देत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत आहे, संडास नाही, न्हाणीला दार नाही. मग कृषिकन्या रोज चाळीस किलोमीटर जा-ये करतात. यंदा आमच्याकडं सात जणी येणार असं कॉलेजचं पत्र आलंय. शाळेशेजारच्या दोन खोल्या सरपंचांनी रिकाम्या करून दिल्या, चुना मारून झालाय, पाण्याची टाकी बसली. न्हाणीच्या दाराचं माप सुताराला दिलंय, शुक्रवारी बसवतो म्हणाला.