पानावर बोट ठेवून

आमच्या लहानपणीं चातुर्मासांत घरोघर पोथी लागत असे. एकानें वाचावें, बाकीच्यांनीं ऐकावें, आणि अध्याय संपला कीं पोथीस हात जोडून उठावें, असा तो क्रम. त्या वाचनांत भक्ति होती. शंका विचारण्याचा प्रघात मात्र नव्हता. गेल्या चातुर्मासांत आमच्या माडीवर पुन्हां सामुदायिक वाचन सुरू झालें. या वेळीं चौरंगावर होता तो एका राजकीय पुढाऱ्याचा ग्रंथ, आणि शंकांना तर ऊत आला होता. त्या वाचनाची हकीगत वाचकांस सांगावी असें मनांत आहे. कारण तींत आमची एक जुनी चूक उघडी पडली.

ग्रंथ पंडित जवाहरलाल नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. निवड आमच्या धाकट्या सूनबाईची. ती म्हणाली, "मामंजी, ज्या गांवांत हें पुस्तक लिहिलें गेलें त्या गांवांत आपण राहतों, आणि घरांत एकानेंही तें वाचलेलें नाहीं." यावर उत्तर काय देणार?

वाचकांपैकीं तरुण मंडळींस कदाचित् ठाऊक नसेल, म्हणून सांगतों. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद पकडले गेले व त्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यांत आणून ठेवण्यांत आलें. मार्च १९४५ पर्यंत नेहरू तेथें होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पांच महिन्यांत त्यांनीं हा ग्रंथ हातानें लिहून काढला. १९४६ सालीं तो कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसनें प्रसिद्ध केला. मराठींत त्याचा अनुवाद साने गुरुजींनीं केला. शहराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. किल्ला मात्र तोच, आणि लष्कराच्या ताब्यांत.

मंडळींत आम्ही नऊ जण होतों. थोरल्या वहिनी, आम्ही उभयतां, मुलगा, सूनबाई, महाविद्यालयांत शिकणारा नातू, शेजारचें एक जोडपें, आणि आमचे एक बालमित्र. बालमित्रांनीं पहिल्याच बैठकींत पुस्तक दूर सारलें. "या माणसानें याच पुस्तकांत शिवाजीमहाराजांना लुटारू म्हटलें आहे. मी याला हात लावणार नाहीं." नातू उसळून कांहीं बोलणार, इतक्यांत आम्हीं एक नियम घालून दिला. आपल्या शास्त्रकारांची रीत अशी कीं खंडन करण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा कीं प्रतिपक्षानेंही 'होय, माझें म्हणणें हेंच' असें म्हणावें. म्हणून स्तुति करावयाची असो कीं निंदा, या माडीवर ज्यानें त्यानें पानावर बोट ठेवूनच बोलावें. बालमित्र नाखुषीनें बसले.

सहाव्या प्रकरणांत महाराजांचा उल्लेख आला. सूनबाईनें तो भाग दोन वेळां वाचला. शौर्य, नेतृत्वाचे थोर गुण, मराठ्यांस एकजूट करून त्यांच्यांत निर्माण केलेली राष्ट्रीय भावना. त्या ठिकाणीं गौरव होता. 'लुटारू' हा शब्द तेथें नव्हता. नातवानें मग अधिक शोध केला. मुलीस लिहिलेल्या पत्रांचा 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' हा नेहरूंचा ग्रंथ त्याहून दहा वर्षे आधींचा. अफजलखानाच्या प्रसंगाविषयीं त्यांत जो मजकूर होता, त्याला महाराष्ट्रांत आक्षेप घेतला गेला, आणि पुढें नेहरूंनीं तो बदललाही. एका ग्रंथाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारला गेला होता, आणि दोष दुरुस्त झाल्याचें तर कोणाच्या कानींही नव्हतें.

बालमित्र बराच वेळ गप्प होते. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "अरे, पण हें मला तूंच सांगितलें होतेंस."

तें खरें होतें. इतकेंच नव्हे, तर शाळेंत इतिहासाचा तास आमच्याकडे येई तेव्हां वर्गांतही आम्हीं तें ठासून सांगितलें होतें. आम्हांस तें कोणीं सांगितलें, तें आज आठवतही नाहीं. जन्मभर मुलांना 'मूळ पाहा, मूळ पाहा' म्हणून बजावणाऱ्या मास्तरानें स्वतः मूळ न पाहतां एक आरोप पिढीच्या हातीं दिला. सूनबाई व नातू यांच्यादेखत आम्हीं ती चूक कबूल केली. जीभ जड झाली, हें लपवीत नाहीं.

यावरून आम्ही त्या ग्रंथाचे भक्त झालों असें मात्र कोणीं समजूं नये. षड्दर्शनांचा विस्तीर्ण प्रपंच नेहरूंनीं थोड्याच पानांत आटोपला आहे. मीमांसेवर ज्यानें वर्षे घालविलीं त्याला तेथें उपाशी उठल्यासारखें होतें. आम्हीं पानावर बोट ठेवून तसें सांगितलें, व नेहरूंचा कैवारी जो आमचा नातू त्यानेंही तें मान्य केलें. उलट जातिभेदावरील त्यांची टीका आम्हांस झोंबली. आम्ही 'पूर्वीं त्या व्यवस्थेचा हेतु...' अशी सुरुवात करतों न करतों तोंच थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांत खोटें काय? याच घराच्या पायरीखालीं ओंजळ धरून उभ्या राहिलेल्या बाईला मी वरून पाणी ओतलें आहे." ऐंशीं वर्षांच्या बाईचें तें बोट पुस्तकाच्या पानावर नव्हतें, स्वतःच्या आयुष्यावर होतें. आम्हीं वाक्य पुरें केलें नाहीं.

आमच्या मतें हा ग्रंथ एकट्यानें वाचण्याचा नव्हेच, कारण तो एकट्याच्या विचारांतून उतरलेला नाहीं. किल्ल्यांत नेहरूंचे अकरा सोबती होते. मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव व असफ अली यांच्याशीं झालेल्या चर्चांचें ऋण त्यांनीं प्रस्तावनेंत मानलें आहे, आणि ग्रंथ सर्व सोबत्यांस अर्पण केला आहे. आपल्याकडचे शंकरराव देवही त्यांत होते. तेथेंच मौलाना आपलीं उर्दू पत्रें लिहीत होते, तर नरेंद्र देव अभिधर्मकोशाच्या भाषांतरांत गढले होते. भिन्न धर्माचीं, भिन्न भाषांचीं, भिन्न मतांचीं हीं माणसें एका आवारांत जवळजवळ तीन वर्षे राहिलीं. आमच्या माडीवर नऊ जणांना दोन तास बसवत नव्हतें!

पहिल्या प्रकरणांत नेहरू सांगतात कीं बागेसाठीं खणतांना जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले, एकदां तर दगडांत कोरलेलें कमळ दिसलें. परंतु खोल खणण्यास सरकारची मनाई होती. आपणांस तशी मनाई कोणाची आहे? आळसाखेरीज कोणाचीही नाहीं.

दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी नमस्कारास आला. तो आतां स्वतः शिक्षक आहे. फराळाचें ताट पुढें ठेवण्यापूर्वीं आम्हीं तें सहावें प्रकरण त्याच्यापुढें उघडून ठेवलें व वर्गांत आम्हीं काय सांगितलें होतें याची आठवण दिली. तो हंसून म्हणाला, "सर, मीही मुलांना तेंच सांगतों." मग त्यानें तीं पानें वाचलीं आणि जातांना पुस्तक मागून नेलें.

बाकीच्या मुलांचे पत्ते आमच्यापाशीं नाहींत. त्यांतील कोणाच्या घरीं हें मासिक येत असेल, तर हा लेख त्यानें आपल्या मास्तरांचें पत्र समजावें.