भाषांचे गोत्र

दौंड जंक्शनच्या फलाटावर, सोलापूरची गाडी लागावयास अवकाश असताना, एका सुशिक्षित सद्गृहस्थांनी आम्हांस असे ऐकविले की, जगातील यच्चयावत् भाषा संस्कृतच्या लेकी आहेत, आणि मराठीत शिरलेले यावनी शब्द वेचून टाकले म्हणजे तिचे कूळ आपोआप उजळेल. या मताचे धनी आमच्या शिरूर-दौंडकडे थोडके नाहीत, आणि साक्षीला ते बहुधा सर विल्यम जोन्स यांस पुकारतात. परंतु साक्षीदार फितूर आहे. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे जोन्स जे बोलले त्याचा इत्यर्थ असा की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमापासून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित् आज उरलेलाही नसेल. म्हणजे संस्कृतला त्यांनी बहिणीचा मान दिला, आईचा नव्हे.

शब्दांवरून कूळ ठरवू पाहणाऱ्यांची फजिती तर विटीदांडूच्या गल्लीपाशीच होते. ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी जी मोजणी घोडनदीकाठची पोरे करीत, ती म्हणजे तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पण तेवढ्यावरून मराठीस द्राविडी ठरविणाऱ्या दुसऱ्या पक्षाची वकिलीही आम्ही घेणार नाही. ‘आपण जाऊ’ म्हणताना ऐकणारा आपल्यात येतो आणि ‘आम्ही जाऊ’ म्हणताना तो बाहेर राहतो, हा भेद मराठीने द्राविड शेजारातून उचलला असे मानणारे विद्वान आहेत, आणि आम्हांस ते पटते. शेजार असा व्याकरणातही मुरतो, हे कबूल. म्हणूनच गोत्र ठरविताना नित्याच्या मूळ शब्दांत ध्वनींचा नियमित मेळ बसतो की नाही, हेच पाहावे लागते.

उसाच्या बिलाचा ‘हप्ता’ घ्या. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, आणि सात दिवसांचा तो ‘हफ्ता’. संस्कृतात जेथे ‘स’ तेथे इराणी शाखेत बहुधा ‘ह’ आढळतो: सप्त–हफ्त, मास–माह, सिंधु–हिंदू. असा मेळ योगायोगाने बसत नाही. तेव्हा सद्गृहस्थ जिला हद्दपार करू पाहतात ती फारसी मराठीची चुलत बहीणच निघाली! ज्या उसाचा हा हप्ता, त्याची साखर मात्र शर्करेपासून शकर, सुक्कर, शुगर अशी देशोदेशी फिरली ती व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून. तिच्यावरून अरबीशी सोयरीक जुळत नाही. अरबीची घडणच निराळी आहे. कचेरीतले हुकूम, हाकीम, हुकूमत हे शब्द पाहा: ह-क-म ही तीन व्यंजने कायम राहतात आणि अर्थ फिरतो तो मुख्यत्वे मधल्या स्वरांनी. धातूची अशी घडण पाणिनीच्या घरची नव्हे.

आता या कुळांचा फैलाव पाहा. आपले भारोपीय कूळ आइसलंडपासून आसामपर्यंत, आणि आमच्या तालुक्यांत उन्हाळ्यात विहिरी खणणाऱ्या वडारांची घरबोली तेलुगूच्या, तर कैकाड्यांची तमिळच्या गोतातली. १८५६ साली काल्डवेल यांनी ज्या द्राविड कुळाचे तुलनात्मक व्याकरण सिद्ध केले त्याची एक शाखा, ब्राहुई, थेट बलुचिस्तानात आहे. मेळघाटातील कोरकूचे भाऊबंद कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये नांदतात. अरबी, हिब्रू आणि इथिओपियातील अम्हारिक या सेमिटिक. चिनी व तिबेटी यांचे एक कूळ, आणि मादागास्करपासून हवाईपर्यंत सागरभर पसरलेले दुसरे. या सर्वांना एका आईच्या ओटीत घालणे म्हणजे सातबाऱ्यावर वारस म्हणून अख्ख्या पंचक्रोशीची नावे चढविण्यासारखेच झाले.

सद्गृहस्थांची गाडी आली आणि वाद अर्धा राहिला, म्हणून उरलेले येथे लिहितो. दौंडहून पुण्याकडे निघाले म्हणजे केडगाव स्टेशन लागते. तेथील मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिच्या संस्कृताचा गौरव केला, त्या विदुषीला ग्रीक भूतकाळाच्या रूपांमागे लागणारा ‘ए’ पाहून आपल्या ‘अ’ आगमाची ओळख पटली असेल. हिब्रूत तसा आप्त भेटण्याजोगा नव्हता. संस्कृत सर्वांची जननी असती तर या विदुषीला हिब्रूची मुळाक्षरांपासून आराधना करावी लागती ना. ती तिने केली. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या, आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली केडगावीच छापून निघाले.