डोळ्यांची जबानी

वाचकांनी हे वृत्तपत्र क्षणभर बाजूला ठेवावे, समोर बसलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांकडे पाहावयास सांगावे आणि मग भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपली दृष्टी संथपणे, कोठेही न थांबता सरकवून पाहावी. ती सरकणार नाही; टणाटण उड्या घेत जाईल, आणि गंमत अशी की उड्या घेणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागणार नाही. आता त्याच माणसाने आपले बोट तुमच्यासमोरून हळूहळू न्यावे. तीच दृष्टी त्या बोटामागून तैलधारेसारखी अखंड वाहू लागते. हलत्या वस्तूचा वेग अजमावून, पुढच्या क्षणी ती कोठे असेल याचा अंदाज बांधून, त्याबरहुकूम बुबुळे फिरविण्याचे हे काम मेंदूची अनेक खाती एकमेकांशी अखंड पत्रव्यवहार करून पार पाडीत असतात. आणि जेथे इतकी खाती गुंतलेली असतात तेथे घोटाळा किती लवकर होतो, हे कोणत्याही कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या वाचकास निराळे सांगावयास नको.

हा घोटाळा प्रथम टिपला गेला तो १९०८ साली, अमेरिकेत. मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज आणि मनोविकारतज्ज्ञ ॲलन डिफेनडॉर्फ यांनी मनोरुग्णांसमोर लंबक हलता ठेवला आणि बुबुळावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या छायाचित्रांवरून दृष्टीच्या प्रवासाचा आलेख काढला. अकाली बुद्धिनाश अशा अर्थाच्या नावाने त्या काळी ओळखल्या जाणाऱ्या विकाराच्या रुग्णांत दृष्टी लंबकामागे रेंगाळे आणि मग त्याला गाठण्यासाठी उडी घेई. त्याच वर्षी बर्लिनच्या एका व्याख्यानात ऑयगेन ब्लॉयलर यांनी या विकाराला स्किझोफ्रेनिया हे नाव दिले, ज्याला आपण छिन्नमनस्कता म्हणतो. म्हणजे रोगाचे आजचे नाव आणि डोळ्यांची ही साक्ष एकाच वर्षीची.

तरीही ती साक्ष दप्तरात बराच काळ पडून राहिली. १९७३ साली फिलिप होल्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बाहेर काढली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी जे नोंदविले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: रुग्णांच्या आईबापांत व भावंडांत, ज्यांना हा विकार नव्हता अशांतही, निम्म्याच्या जवळपास लोकांच्या दृष्टीची चाल तशीच अडखळती होती. नंतरच्या संशोधकांचे आकडे कमीअधिक आले, पण मूळ गोष्ट टिकून राहिली. दृष्टीचा हा गुण आनुवंशिकतेने घराण्यातून वाहतो. विकार मात्र त्या घरातील एखाद्यालाच गाठतो, पुष्कळदा कोणालाही गाठीत नाही.

दुसरा एक प्रयोग याहून सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते याहून करुण. पडद्याच्या डाव्या बाजूस दिवा लागला की उजवीकडे पाहावयाचे आणि उजवीकडे लागला की डावीकडे, एवढीच आज्ञा असते. निरोगी माणसाचेही डोळे अधूनमधून फसतात आणि दिव्याकडे धावतात. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाचे पुष्कळच अधिक वेळा. परंतु बहुतेक प्रसंगी दृष्टी चुकीच्या दिशेला गेल्यावर तो रुग्ण आपण होऊन ती वळवितो आणि योग्य जागी आणतो. त्याला आज्ञा समजलेली असते, ती पाळण्याची इच्छाही असते. धाव थांबविणारा लगाम तेवढा वेळेवर ओढला जात नाही. ‘मनावर घेतले तर सगळे जमेल त्याला’, असे सुनावणाऱ्या काकामामांनी हा प्रयोग एकदा डोळ्यांनी पाहावा. ज्याने मनावर घेतले आहे त्याचेच डोळे येथे फसतात.

येथपर्यंत विज्ञानाचा मजकूर. पुढे माझी तक्रार आहे. २०१२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाच्या संशोधकांनी हलत्या बिंदूचा पाठलाग, एका जागी नजर स्थिर ठेवणे आणि चित्रे मोकळेपणी न्याहाळणे अशा साध्या कसोट्यांवरून रुग्ण आणि निरोगी यांची विभागणी शेकडा ९८ हून अधिक अचूकतेने करता येते, असे प्रसिद्ध केले. संशोधन उत्तमच, पण त्याच्या बातम्या वाचून ‘डोळे पाहून वेड ओळखता येते’ असा समज जो पसरला, तो हिशेबाला टिकत नाही. निवडून आणलेले रुग्ण आणि निवडून आणलेले निरोगी यांत फरक करणे वेगळे, आणि वाटेल त्याला यंत्रापुढे बसविणे वेगळे. समजा, दहा हजारांच्या वस्तीत शंभर जणांना हा विकार आहे आणि यंत्र शंभरांत दोनदाच चुकते. ते शंभरांपैकी ९८ रुग्णांना हुडकील. पण उरलेल्या ९,९०० निरोग्यांपैकी १९८ जणांवरही तोच शिक्का मारील. म्हणजे यंत्राने ज्यांना रुग्ण ठरविले त्या २९६ जणांपैकी दोनतृतीयांश लोक ठणठणीत! शिवाय दृष्टीची अशी अडखळ द्विध्रुवी विकारातही आढळते आणि लिथियमसारख्या औषधानेही येते.

आणि ज्या समाजात पत्रिकेतील मंगळावरून स्थळे मोडतात, तेथे असे यंत्र कोणाच्या हाती पडेल याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. थोरल्या मुलाचे औषधपाणी धाकटीचे लग्न उरकेपर्यंत लांबणीवर टाकणारी, किंवा ‘लग्न करून द्या, येईल ताळ्यावर’ या सल्ल्यापायी आणखी एका मुलीचे आयुष्य पणाला लावणारी घरे मी पाहिली आहेत. रुग्णाच्या निरोगी बहिणीची दृष्टीही लंबकामागे अडखळते, एवढा एक दाखला मिळाला की तिच्या स्थळाची वाट कायमची बंद! म्हणून माझे स्पष्ट मत असे की दृष्टीची ही परीक्षा संशोधकांच्या प्रयोगशाळेतच राहावी. नोकरी, विवाह वा विमा यांपैकी कोणत्याही व्यवहारात तिला पुराव्याचा दर्जा देऊ नये.

या विकाराचे निदान आजही तज्ज्ञाने रुग्णाशी आणि त्याच्या माणसांशी सावकाश बोलूनच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार लक्षणे किमान एक महिना टिकलेली असावी लागतात. घरातील एखादा तरुण न दिसणाऱ्या माणसांशी बोलू लागला असेल, आपल्यावर कोणी पाळत ठेवीत आहे असे म्हणत असेल, तर त्याच्या डोळ्यांत काही शोधीत बसू नये, देवऋषीकडेही नेऊ नये. जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. प्रारंभ कोठून करावा हे सुचत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो निःशुल्क असून रात्रंदिवस चालू असतो.