कोयता ८२०१, सुरी ८२११

बिद्रीच्या साखर कारखान्याला येणारा ऊस तोडणारा कोयता आणि घरी कांदा चिरायची सुरी, दोन्ही पाती पोलादाचीच. पण कस्टम्सच्या यादीत कोयता ८२०१ मध्ये, सुरी ८२११ मध्ये. मिक्सरचं पातं तिसरीकडेच, ८२०८! या कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे दोन भारताचे.

जीएसटीचा दरही यावरूनच ठरतो. शेतीच्या कोयत्याला शून्य. सुरीवर मात्र १८ जुलै २०२२ पासून १२ ऐवजी १८ टक्के. सुरी परदेशातून मागवली, तर हे १८ टक्के नुसत्या किमतीवर नाही, किंमत अधिक आयात शुल्क अशा बेरजेवर लागतात. म्हणजे करावर कर.

मला खटकतं ते हे, की शेतातल्या पात्याला सूट आहे, स्वयंपाकघरातल्या पात्याला नाही.